चाळीस दिवसांची साखळी आणि अडलेले अपूर्णांक

पत्र:

ताई, माझी मुलगी पाचवीत आणि मुलगा आठवीत आहे. घरच्या अभ्यासाला मदत व्हावी म्हणून मी दोघांना तीन-चार शैक्षणिक वेबसाइट्सवर खाती काढून दिली. मुलगी रोज न चुकता गणिताच्या साइटवर बसते. सलग चाळीस दिवसांची साखळी झालीय, बॅज मिळालेत. पण परवाच्या चाचणीत तिची अपूर्णांकांची जवळजवळ सगळी गणितं चुकली. मुलगा विजेचे व्हिडिओ दुप्पट वेगानं बघतो, ‘कळलं’ म्हणतो आणि वहीत साध्या परिपथाची आकृती काढता येत नाही. त्यांचे बाबा म्हणतात, बंद करून टाक सगळं. मला तसं करवत नाही, कारण माझं गणित शाळेतच सुटलं, मी काही शिकवू शकत नाही. नेमकी कोणती साइट चांगली? किती वेळ बसवायचं? पैसे भरून वर्गणी घ्यावी का?
– दोन मुलांची आई

उत्तर:

मुलीची साखळी खोटी नाही आणि चाचणीतले गुणही खोटे नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते आधी बघू. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

साखळी मोजते ती मुलगी रोज आली का, एवढंच. ती आल्यावर काय होतं? धडा उघडला की वर ठळक लिहिलेलं असतं, ‘अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे’. खाली दहा गणितं, दहाही त्याच जातीची. पहिलं सोडवून दाखवलेलं. अडलं की हिंट, आणि दोन हिंट घेतल्या की उत्तर जवळपास हातात. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर त्यातले दोन बघताक्षणीच बाद करता येतात. यात तुमची मुलगी लबाडी करत नाहीये, उलट मेहनत घेतेय. पण ती मेहनत त्या पानाची ठेवण ओळखण्यात जाते. चाचणीत बेरजेच्या शेजारी गुणाकार येतो, त्याखाली शाब्दिक उदाहरण, आणि इथे कोणती रीत लावायची हे सांगणारा मथळा कुठेच नसतो. रीत आपली आपण निवडायची वेळ तिच्यावर या चाळीस दिवसांत बहुधा आलेलीच नाही.

डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर नेमका याचाच प्रयोग केला होता. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं एका जातीची गणितं सलग केली, दुसऱ्यानं तीच गणितं मिसळून. सरावाच्या वेळी सलग करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा सलग सरावाचा गट २० टक्क्यांवर घसरला होता आणि मिसळलेला गट ६३ टक्क्यांवर टिकून होता. सरावाच्या वेळी जो गट हुशार वाटत होता तोच परीक्षेत गडगडला. तुमच्या घरातही तेच झालंय, त्यामुळे मुलीला ‘एवढे दिवस काय करत होतीस’ असं कृपा करून म्हणू नका.

आता अपूर्णांकांकडे वळते. माझी शिकवण्यातली बरीच वर्षं याच धड्यापाशी मुलांबरोबर बसण्यात गेली आहेत, आणि इथली चूक बहुतेक वेळा ठरलेली असते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की मूल अंशात अंश मिळवतं, छेदात छेद मिळवतं आणि दोन पंचमांश लिहून मोकळं होतं. तुमच्या मुलीची उत्तरपत्रिका काढून बघा, हेच सापडण्याची शक्यता बरीच आहे. ही चूक आळसातून होत नाही. तिच्या डोळ्यांना १/२ ही एक संख्या दिसत नाही, वर एक आणि खाली एक अशा दोन संख्या दिसतात. मग दोघींची वेगवेगळी बेरीज करणं तिला अगदी रास्त वाटतं.

एक संध्याकाळ मोकळी ठेवा. कॉम्प्युटर बंद. सारख्या लांबीच्या कागदाच्या पाच-सहा पट्ट्या कापून घ्या. एक पट्टी मधोमध दुमडा, एका अर्ध्यावर रंग द्यायला सांगा. दुसरीचे पाच सारखे भाग करून दोन रंगवायला सांगा. पाच घड्या नीट जमत नाहीत, तेव्हा पट्टी दहा सेंटिमीटरची घ्या म्हणजे मोजपट्टीनं दोन-दोन सेंटिमीटरवर रेघा मारता येतील. मग दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवा आणि विचारा, ‘तू अर्ध्यात आणखी थोडं मिळवलंस ना? मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?’

आणि गप्प बसा. हे फार अवघड जातं. उत्तर आपल्या ओठावर आलेलं असतं आणि मूल नुसतं पट्ट्यांकडे बघत असतं. त्या वेळात तिच्या डोक्यात काहीतरी जागेवरून हलत असतं. आपण बोललो की ते थांबतं. तिनं ‘काहीतरी चुकलंय’ एवढं जरी म्हटलं तरी त्या दिवसाचं काम झालं असं समजा.

साइट उघडायची ती यानंतर. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा एक प्रकल्प आहे. भौतिकशास्त्रातलं २००१ सालचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यावर विज्ञान आणि गणिताची हलती, हाताळता येणारी प्रतिमानं आहेत. सगळी फुकट, आणि बरीचशी मराठीतही. त्यातलं अपूर्णांकांच्या ओळखीचं प्रतिमान उघडा. छेद एकेकानं वाढवत नेला की पट्टीचे तुकडे बारीक होत जातात आणि संख्यारेषेवरचा ठिपका मागे सरकतो. चार तीनाहून मोठा, म्हणून एक चतुर्थांशही एक तृतीयांशाहून मोठा, असा समज मनात घेऊन बसलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. तो समज सांगून जात नाही. दहा मिनिटं स्वतःच्या हातानं तो ठिपका मागे-पुढे करून जातो. शेवटी तिला सहा भागांची पट्टी करू द्या: अर्धं म्हणजे तीन भाग, तृतीयांश म्हणजे दोन, एकूण पाच षष्ठांश. समच्छेद का करायचा हे तिला इथे दिसेल. मग तिची नेहमीची साइट आहेच सरावाला.

फक्त सराव मिसळलेला हवा. ती खान अकॅडमीवर असेल तर प्रत्येक घटकाच्या शेवटी युनिट टेस्ट असते आणि सबंध विषयाचं कोर्स चॅलेंजही असतं, तिथे प्रश्न मिसळून येतात. दुसरी साइट असेल तर पाठ्यपुस्तकातल्या वेगवेगळ्या धड्यांतली पाच गणितं तुम्ही एका कागदावर उतरवून द्या. उतरवायला गणित यावं लागत नाही.

मुलाची गोष्ट जरा वेगळी आहे. ‘कळलं’ असं तो मनापासून म्हणतोय. चांगला व्हिडिओ पाहिला की आपल्याला कळल्यासारखं वाटतंच, आणि व्हिडिओ जितका सुबक तितकं ते वाटणं पक्कं. डेरेक म्यूलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी याच विषयावर काम केलं. २००८ साली त्यांचा प्रबंध झाला. पुढे त्यांनीच ‘व्हेरिटॅसियम’ हे विज्ञानाचं प्रसिद्ध चॅनेल काढलं. त्यांना आढळलं ते असं. भौतिकशास्त्राचा स्पष्ट, सरळ समजावून देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, सोपा वाटला, पण आधीच्या चुकीच्या कल्पना तशाच राहिल्या आणि गुण फारसे हलले नाहीत. दुसऱ्या व्हिडिओत नेहमीच्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या होत्या आणि मग त्यांवर वाद घातला होता. तो विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, मेहनत पडली, आणि शिकणं मात्र त्यातून जास्त झालं.

म्हणून मुलाला व्हिडिओच्या आधी एक प्रश्न घाला. बॅटरीला दोन सारखे बल्ब एकामागोमाग एक जोडले, तर कुठला जास्त उजळेल? पुष्कळ मुलं सांगतात, पहिला, कारण दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वीज थोडी ‘संपते’. त्याचं उत्तर आणि कारण वहीत लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं नंतर ‘मला तसंच म्हणायचं होतं’ होऊन जातं. मग फेटवरच परिपथ जोडायचा संच आहे, त्यात बॅटरी, तारा, बल्ब, स्विच सगळं ओढून जोडता येतं. दोन बल्ब एकसरीत जोडू दे. अमीटर (विद्युतधारा मोजणारं साधन) बल्बांच्या अलीकडे, मधे आणि पलीकडे लावून बघू दे. तिन्ही ठिकाणी आकडा सारखा येईल, दोन्ही बल्ब सारखेच उजळतील. आता एक बल्ब काढला तर? आणि समांतर जोडणीतला, म्हणजे दोन्ही बल्ब बॅटरीला आपापल्या वेगळ्या तारांनी जोडलेले असताना, एक काढला तर? दर वेळी आधी वहीत अंदाज, मग माउसला हात.

त्यानंतर व्हिडिओ बघू दे, आणि तीन-चार मिनिटांवर थांबवून आतापर्यंतचं आकृतीसह वहीत उतरवू दे, स्क्रीनकडे न बघता. जिथे पेन थांबेल तिथे त्याला कळलेलं नाही, आणि हे त्याला स्वतःलाच दिसेल, तुम्हाला दाखवावं लागणार नाही. दुप्पट वेग उजळणीला ठीक आहे. नव्या गोष्टीला नको. जमलं तर दीड व्होल्टचा साधा सेल, टॉर्चचा बल्ब आणि तारेचे तुकडे आणून हाच परिपथ त्याला प्रत्यक्ष जोडू द्या. फेटच्या संचात बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडली की चित्रात आग लागते, मुलांना त्याची फार गंमत वाटते. खऱ्या सेलवर किंवा भिंतीतल्या सॉकेटवर हे करायचं नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवा.

कोणती साइट चांगली, या प्रश्नाला मी एका नावाचं उत्तर देत नाही. खान अकॅडमीची सुरुवात कशी झाली ते सांगते. २००४ मध्ये सलमान खान हे गृहस्थ (अभिनेते नव्हेत) नात्यातल्या, दूरच्या गावी राहणाऱ्या एका शाळकरी मुलीला फोनवरून आणि इंटरनेटवरून गणित शिकवू लागले. व्हिडिओ आले २००६ मध्ये, संस्था २००८ मध्ये. म्हणजे आज लाखो मुलं जे वापरतात त्याच्या मुळाशी एक अडलेली मुलगी आणि ती नेमकी कुठे अडलीय हे विचारणारं एक माणूस होतं. व्हिडिओ आणि सराव आपल्यापर्यंत पोचले. ‘कुठे अडलंय?’ हे विचारणारं माणूस घरातलंच लागतं. ते विचारून झालं की साइट निवडणं सोपं. भूमितीत अडलं असेल तर जिओजिब्रा हे सॉफ्टवेअर आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना ते तयार करायला घेतलं. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू पकडून कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. मूल ओढून-ताणून ती मोडायचा प्रयत्न करतं आणि त्यातच शिकतं. वाचन कच्चं असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर बघा. २०१५ पासून आहे, मराठीतली भरपूर सचित्र पुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत आणि फुकट वाचता येतात. काहीतरी स्वतः घडवायची हौस असेल तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं स्क्रॅच. ठोकळे जोडून गोष्टी, खेळ तयार करायचे. २००७ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तुमच्या मुलीला ते आवडेल असं मला वाटतं, कारण तिच्यात रोज बसायची चिकाटी आहे आणि स्क्रॅचमध्ये त्या चिकाटीचं काहीतरी तयार होऊन समोर दिसतं.

एक मात्र बघा: तुम्ही निवडाल त्या साइटवर मुलानं चुकीचं उत्तर दिलं तर पुढे काय होतं? नुसती लाल फुली येऊन पुढचा प्रश्न येत असेल तर ती साइट परीक्षा घेतेय. कुठे चुकलं ते दाखवून त्याच प्रकारचा आणखी एक प्रश्न देत असेल तर शिकवतेय. हे बघायला तुम्ही स्वतः मुद्दाम पाच उत्तरं चुकवा. दहा मिनिटांत साइटचा स्वभाव कळतो.

इंग्रजी साइट आणि मराठीत शिकणारं मूल, असा मेळ असेल तर आणखी एक काम करावं लागतं. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, करंट म्हणजे विद्युतधारा, अशी दोन रकान्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर मुलानंच करत जायची. मुलांना संकल्पना येत असते आणि शब्दापाशी अडतात, असं मी अनेकदा पाहिलंय.

पैसे भरायचे का? सध्या नाही. वर घेतलेली नावं सगळी फुकट वापरता येतात आणि तुमच्या मुलांची आजची अडचण त्यात भागते. पुढे कधी वर्गणी घेतलीत तर थोड्या मुदतीची घ्या, आणि मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का ते आधी वाचा. माझ्या परिचयातल्या एका घरी अशाच एका कंपनीच्या माणसानं दहा मिनिटांची चाचणी घेऊन, मुलासमोरच, ‘हा दोन वर्षं मागे आहे’ असं सांगितलं होतं. ते मूल त्यानंतर बरेच दिवस गणिताचं पुस्तक उघडायला घाबरत होतं. मला आजही त्याचा राग येतो. दहा मिनिटांत मूल मागे आहे की पुढे हे कुणालाही कळत नाही, आणि घाबरलेल्या आई-वडिलांना वर्गणी विकणं सोपं असतं.

किती वेळ? पाचवीतल्या मुलीला एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, आठवीतल्या मुलाला अर्धा-पाऊण तास, आणि त्यात वही उघडी. रात्री झोपायच्या आधी नको. व्हिडिओ आपोआप पुढे सुरू राहण्याची सोय बंद करून टाका. खाती तुमच्या ईमेलवर ठेवा. मुलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि फोटो तिथे भरायची गरज नसते. प्रश्न टाकला की सबंध उत्तर लिहून देणारी साधनंही आता मुलांच्या हाताशी आहेत. मुलगा गृहपाठाला ती वापरत असेल तर रागावू नका. त्याला एवढंच सांगा की उत्तर वाचून झालं की ते झाकायचं आणि स्वतःच्या शब्दांत तुम्हाला सांगायचं. सांगता आलं नाही तर परत वाचायचं.

तुमचं गणित सुटलं म्हणून तुम्ही शिकवू शकत नाही, असं लिहिलंय. मला ते मान्य नाही. ज्याला सगळं येतं ते माणूस मुलाचं अर्धवट वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतं. मुलालाही वाटतं, आपणच सांगितलं. तुम्हाला ते वाक्य पूर्ण करता येणार नाही, म्हणून मुलीला ते शेवटपर्यंत न्यावं लागेल. तुम्ही खरोखरच विचारू शकता, ‘छेद सारखा का करायचा, मला नाही कळलं, पट्टीवर दाखव ना.’ त्यात नाटक नसेल, आणि नाटक नसलं की मुलांना ते बरोबर समजतं. तिलाही उत्तर नाही आलं तर दोघींनी मिळून शोधा, आणि ‘उद्या बाईंना विचारायचं’ म्हणून प्रश्न कागदावर लिहा. असा नेमका प्रश्न घेऊन आलेलं मूल शिक्षकांना फार आवडतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

यांच्या बाबांना वेगळं समजवायला जाऊ नका. त्यांची तक्रार रास्त आहे, मुलं स्क्रीनवर बसतात आणि येत काही नाही, हे त्यांनाही दिसतंय. त्यांना परिपथाच्या प्रश्नात ओढा. कुठला बल्ब जास्त उजळेल, हा अंदाज तेही वहीत लिहू देत, मुलाच्या अंदाजाखाली. बाबांचा अंदाज चुकला तर मुलाला तो धडा आयुष्यभर आठवेल, आणि बरोबर आला तर कारण विचारायला त्याला घरातच कुणीतरी मिळेल.

राहिली साखळी. ती शिक्षा म्हणून तोडू नका. चाळीस दिवस एखादं काम न चुकता करणं मुलांना सोपं नसतं, आणि ते तिनं केलंय हे तिला एकदा तरी मोकळेपणानं म्हणा. पण पट्ट्यांच्या संध्याकाळी साइट उघडायची नाही, आणि तुटली तर तुटली, हे तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रडू येईल कदाचित. येऊ दे. तिला हवंच असेल तर वहीच्या कोपऱ्यात नवी साखळी सुरू करा: ज्या दिवशी एक गोष्ट तुम्हाला समजावून दिली त्या दिवशी एक खूण.

पहिल्या संध्याकाळी ती चिडली, पट्ट्या भिरकावल्या, तर तिथेच थांबा. पट्ट्या उचलून तिच्या टेबलावर ठेवून द्या, एक अर्धी रंगवलेली, एक दोन पंचमांश, एकाखाली एक. एक-दोन दिवसांत ती आपणहून त्या हातात घेईल असं मला वाटतं. महिन्याभरानं तिच्या वहीतलं एक पान मला पाठवा, खाडाखोडीसकट.